शुद्ध श्रवण

गाणं ऐकायला कान लागतात एवढंच मला ठाऊक होतं. आचार्यांच्या घरी गेल्यावर कळलं, की पायमोजेही लागतात. दारातच बूट काढून त्यांनी दिलेले लोकरीचे जाड मोजे चढवायचे, कारण उघड्या पावलांचा हादरा म्हणे जमिनीतून रेकॉर्डच्या सुईपर्यंत पोचतो. मोबाइल एका डब्यात. अंगावर जे काही किणकिणेल ते दुसऱ्या डब्यात. खोकला येणार असेल तर बाहेरच खोकून घ्यायचं. ही माणसं कामातून गेलेली आहेत हे मी तिथेच ओळखलं, आणि निमूटपणे मोजे चढवले.

आचार्य म्हणजे खरं तर विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ. आचार्य ही पदवी त्यांना कोणी दिली हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणजे ती त्यांनीच घेतलेली असणार. रविवारच्या पुरवणीत ते संगीतावर लिहितात, आणि शहरातली दोनचारशे माणसं ते वाचल्याशिवाय आपल्याला काय आवडलं हे सांगत नाहीत. महिन्यातून एकदा त्यांच्याकडे मंडळ जमतं. त्याला ते 'शुद्ध श्रवण' म्हणतात. शुद्ध कसं, तर रेकॉर्डचं कव्हर आधी कोणी पाहायचं नाही, गाण्यांची नावं वाचायची नाहीत, आणि रेकॉर्डच्या मधल्या लेबलवर काळ्या कागदाची गोल चकती ठेवायची. डोळ्यांनी कानांना काही शिकवू नये, हा उद्देश. त्या दिवशी ज्याची रेकॉर्ड होती तो माणूस बायकोसकट समोरच्या सोफ्यावर बसलेला होता. तरी चकती ठेवायचीच. उंटावरचे शहाणे म्हणतात ते हेच.

तो माणूस म्हणजे आमचे हे.

ह्यांनी पंचवीस वर्षं एका बँडमध्ये गिटार वाजवली. रॉकच, पण 'आम्ही बाकीच्यांसारखे नाही' असं दर मुलाखतीत सांगणारं रॉक. बाकीच्यांसारखे नाही हे सांगणारे सगळे एकमेकांसारखेच दिसायचे, हे मी एकदा बोलून दाखवलं तर आठवडाभर घरात अबोला होता. बँड गाजला तो गायकाच्या केसांवर. त्याला सगळे आयाळ म्हणायचे. गाणी ह्यांची, चाली ह्यांच्या, आणि टाळ्या आयाळीला. वर्तमानपत्रात फोटोला जागा कमी पडली, की कात्री ह्यांच्या बाजूने चालायची. कितीतरी कात्रणांत ह्यांचं नुसतं कोपर आहे. आयाळ पुढे टीव्हीवर परीक्षक झाला, बँड मोडला, आणि हे घरी बसले. भांडले नाहीत, रडले नाहीत. ह्यांचं हेच मला कधी कळलं नाही. चीड यायला हवी तिथे हा माणूस चहा मागतो.

मी कवळ्या बनवते. दवाखान्यांतून तोंडाचे साचे येतात, मी मेणात दात बसवते, मग प्लास्टर, मग घासणं, मग चकाकी. आमच्या मागच्या खोलीत माझं टेबल आहे, आणि पातळ भिंतीपलीकडे ह्यांची गिटार. ती रेकॉर्ड तिथेच झाली. एक माणूस, एक गिटार, जमिनीवर आपटणारा एक पाय, आणि पहिल्यांदाच ह्यांचा स्वतःचा आवाज. आयाळीच्या मागे उभं राहून ह्यांनी आयुष्यभर तोंड उघडलं नव्हतं. आवाज पातळ आहे, जरासा नाकातला, पण खोडकर. आणि गिटार तर काय सांगू! बँडमध्ये हे कडेकडेने वाजवायचे, दुसऱ्याच्या घरात वावरल्यासारखे. इथे ती घरभर हुंदडते. सूर येतो, चिमटा काढतो आणि तुम्ही वळून बघेपर्यंत पुढे पळालेला असतो. लिफ्टमध्ये अडकलेल्या दोन भांडकुदळ शेजाऱ्यांचं एक गाणं आहे. न्हाव्यावर एक आहे. साठीच्या माणसाची रेकॉर्ड आहे असं वाटतच नाही. हातात ब्रश धरून मी भिंतीला कान लावायचे आणि मेण थिजून जायचं.

आणि एक गाणं माझं आहे. 'तिसऱ्यांदा सांगतेय' हे त्याचं नाव. ओला टॉवेल पलंगावर, दार सताड उघडं, दिवा दिवसाढवळ्या चालू, चहाचा कप पुन्हा गिटारवर. शब्द सगळे माझे, रोजचे. मी रागावले की माझी जीभ कशी सुटते, कुठे अडते, कुठे दम घेऊन दुप्पट वेगाने परत येते, ते सगळं ह्यांनी तारांवर जसंच्या तसं उतरवलं होतं. पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मला इतकं हसू आलं, की एका म्हाताऱ्या वकिलाचा खालचा जबडा हातातून निसटून फुटला. पुन्हा करावा लागला. ह्यांनी मला कधी फूल आणलं नाही, वाढदिवस तर लेकीने आठवण करून दिल्याशिवाय कळत नाही. पण माझं बोलणं इतकं कान देऊन ऐकणारं कोणी आहे, हे कळल्यावर मला त्या दिवशी फार सुख झालं. तसं मी ह्यांना सांगितलं नाही, कारण लगेच डोक्यावर बसतात.

तर आचार्यांनी पिशवीत हात घालून, मान दुसरीकडे वळवून, ती रेकॉर्ड बाहेर काढली. लेबलवर चकती ठेवली. आता गंमत अशी, की एवढ्या आकाराच्या रेकॉर्ड बहुधा मिनिटाला तेहतीस फेरे घेतात. ह्यांची मुद्दाम पंचेचाळीसची होती. तसा आवाज जास्त खुलतो, असं कारखान्यातल्या माणसाने सांगितलं होतं. कव्हरवर ठळक छापलं होतं, लेबलवरही छापलं होतं. पण शुद्ध श्रवणात वाचायला बंदी. आचार्यांनी सवयीने तेहतीसवर लावली, पडदे ओढले आणि डोळे मिटले.

पहिला सूर आला. लिफ्टमधले शेजारी भांडत नव्हते, कण्हत होते. ह्यांचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा जाड आणि मंद झाला होता. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे उठायला लागले होते, अर्धे उठलेही होते. तेवढ्यात मंडळातला एक जण, ज्याला मी मनात डोळेमिट्या म्हणते, तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "अहाहा..."

हे खाली बसले.

मी तोंड उघडलं. ह्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मला वाटलं, बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही असा नियम आहे, म्हणून थांबवताहेत. संपली की सांगतील.

बाजू संपली. कोणी हललं नाही. मग आचार्यांनी डोळे उघडले आणि चष्मा पुसला.

"ह्या माणसाची मी वीस वर्षं वाट पाहत होतो," ते म्हणाले. "हा ठहराव! एकेक सूर कसा टेकत टेकत येतो. मृत्यूच्या उंबऱ्यावर बसून वाजवलेली गिटार आहे ही."

"म्हणजे, त्याचं असं आहे—" हे म्हणाले.

"नाही. तुम्ही बोलू नका. कलाकाराने बोलायचं नसतं."

"आणि काय खर्ज आहे आवाजात!" एक बाई म्हणाल्या. त्या गायन शिकवतात असं मला नंतर कळलं. शिकणाऱ्यांची दया आली. आत्ताच त्यांच्यासमोर बसून ह्या माणसाने आपल्या पातळ आवाजात 'चहात साखर नको' असं सांगितलं होतं. पण समोरचं ऐकेल ते मंडळ कसलं?

"मला ते टॉवेलचं गाणं सहन झालं नाही," डोळेमिट्या म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "रिकामं घर. उघडं दार. दिवा तसाच."

"ती बाई आता घरात नाही," आचार्य शांतपणे म्हणाले. "गेली आहे ती. तिचे शब्द फक्त उरलेत, आणि हा त्या शब्दांना धरून बसलाय. याहून मोठं विरहगीत मी ऐकलेलं नाही."

सगळ्यांनी ह्यांच्याकडे करुणेने पाहिलं. गायनवाल्या बाईंनी तर ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच सोफ्यावर, हातभर अंतरावर, मी बिस्कीट घेऊन बसले होते. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मी ते बिस्कीट मुद्दाम आवाज करून चावलं, तर आचार्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, तुम्ही ती चुकीच्या—" मी सुरुवात केली.

"अगं, राहू दे," हे म्हणाले. आणि मनगटावरचा हात काढला नाही.

बसमध्ये मी ह्यांना धुऊन काढलं. हे खिडकीबाहेर बघत होते.

"सांगणारच होतो," शेवटी म्हणाले. "पण किती चांगलं बोलत होते ते."

"कोणाबद्दल? तुमच्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. कोणा मरणाला टेकलेल्या माणसाबद्दल बोलत होते."

"पण नाव तर माझं घेत होते ना!"

पंचवीस वर्षं नुसतं कोपर छापून आलेल्या माणसाचं ते वाक्य होतं. मला ह्यांची कीव आली आणि तिचाच मला राग आला. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

रविवारच्या पुरवणीत आचार्यांनी पाऊण पान लिहिलं. फोटो अख्खा. फोन सुरू झाले. ज्यांनी ह्यांना रस्त्यात ओळख दिली नव्हती ते 'आम्ही आधीपासूनच म्हणत होतो' म्हणू लागले. शहरातल्या जुन्या नाट्यगृहात एकट्याचा कार्यक्रम ठरला. आचार्य स्वतः प्रास्ताविक करणार होते. आयुष्यात पहिल्यांदा मंचावर मधोमध ह्यांची खुर्ची. मी मनात म्हटलं, ठीक आहे, आता लोक रेकॉर्ड विकत घेतील, घरी पंचेचाळीसवर लावतील, आणि ह्या शहाण्यांचं पितळ उघडं पडेल. मी त्याची वाटच पाहत होते. अगदी जिभल्या चाटत.

एके दुपारी मी साचे वाळवत होते, तेव्हा भिंतीपलीकडून ह्यांचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं. कारखान्याशी बोलत होते. पहिल्या मोजक्याच प्रती निघाल्या होत्या, बाकीच्यांची कव्हरं छापायची होती.

"नाही, रेकॉर्ड तीच. काही बदलायचं नाही," हे सांगत होते. "फक्त तो पंचेचाळीसचा आकडा काढा. तेहतीस छापा. हो, लेबलवरही."

मी हातातलं तसंच टाकून पलीकडे गेले. खुर्चीवर जाड तारांची नवी पाकिटं पडली होती. हे त्या तारा गिटारवर चढवून सैल करत होते, सूर खाली खाली नेत होते. मग घसा दाबून तो विहिरीतला आवाज काढायचा प्रयत्न करू लागले. खोकला आला. पुन्हा केला. आपल्याच रेकॉर्डच्या बिघाडाची नक्कल करणारा कलाकार मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

"लाज वाटत नाही?" मी विचारलं.

"वाटते," हे म्हणाले. "थोडी."

लेकीला फोन केला, तर ती उलट मलाच समजावू लागली. "आई, मिरवू दे ना गं बाबांना एकदा. तुझं काय जातंय?"

"माझं गाणं जातंय," मी म्हणाले. ती हसली. तिला वाटलं, मी नेहमीसारखी फणकारले. पण मी हसण्यावारी नेण्यासारखं बोलत नव्हते. ती लिफ्ट, तो न्हावी, त्यांचं काय वाटेल ते करा. पण माझा तडाखा, माझी लय, मी जिवंत असल्याचा तो एवढाच पुरावा जगात कोणी नोंदवून ठेवला होता, आणि आता त्यालाच फुलं वाहायला निघाले होते.

त्या संध्याकाळी मी ह्यांच्यासमोर बसले. ओरडले नाही, म्हणून हे घाबरले.

"बाकीची सगळी तुम्हाला हवी तशी रखडवा," मी म्हणाले. "ते एक मात्र जसं केलं होतं तसंच वाजवायचं. त्याच वेगात, तुमच्या स्वतःच्या आवाजात. एवढं एकच मागते."

ह्यांनी हातातली तार गुंडाळून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "वाजवीन. शब्द देतो. जुन्या तारांची दुसरी गिटार शेजारी ठेवतो, फक्त त्या गाण्यासाठी."

ह्यांनी मला फसवलंय असं तोवर कधी झालं नव्हतं. मी विश्वास ठेवला.

नाट्यगृह भरलं होतं. मी पहिल्या रांगेत, डाव्या हाताला. मधोमध आचार्य आणि त्यांचं मंडळ, आज बूट घालून. प्रास्ताविकात आचार्यांनी 'सावकाशपणाचं अध्यात्म' असं काहीतरी सांगितलं. ते इतकं लांबलं, की त्यांना स्वतःला अध्यात्म चांगलंच साधलं असावं. मग हे आले. शेजारी स्टँडवर दुसरी गिटार उभी होती. ह्यांनी शब्द पाळला होता.

पहिली दोन गाणी मी दात आवळून ऐकली. घसा दाबून गाताना ह्यांच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. सभागृहात ओळीने डोळे मिटलेले, माना डोलताहेत, जशी काही सगळ्यांना एकाच डॉक्टरने गुंगी दिली आहे. पण खोटं कशाला बोलू, तिसऱ्या गाण्यात त्या सैल जाड तारांवर ह्यांनी एक सूर असा लांबवर ओढला, की माझ्या अंगावर काटा आला. चांगला वाजवणारा माणूस चुकीचंही चांगलं वाजवतो. त्यामुळे मला अधिकच संताप आला. निदान वाईट तरी वाजवायचं होतं.

मग ह्यांनी ती गिटार खाली ठेवली. उठले आणि दुसरी उचलली. पट्टा खांद्यावर घेतला. मी खुर्चीत पुढे सरकले. माझा पाय आपोआप लय धरायला लागला. आता कळेल ह्या शहाण्यांना, मी मनात म्हणाले, आता ऐका म्हणावं जिवंत बाई कशी बोलते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं, आणि हसले. बोटं तारांवर ठेवली.

तेवढ्यात सभागृहात कोणीतरी हुंदका दिला. मला मान वळवायचीही गरज नव्हती, तो डोळेमिट्याच होता. गाणं सुरू व्हायच्या आधीच त्याला रडू आलं होतं, कारण कोणतं गाणं येणार हे आचार्यांनी सांगून ठेवलं होतं. पाठोपाठ आणखी कोणी नाक ओढलं. सभागृह इतकं शांत झालं, की पंख्याची घरघर ऐकू येत होती. एवढी शांतता ह्यांच्यासाठी आजवर कोणी केली नव्हती. आयाळीसाठी व्हायची, हे मी पाहिलेलं आहे.

हे तसेच उभे होते. मग हळूच पट्टा काढला, गिटार स्टँडवर परत ठेवली, आणि खुर्चीत बसून ती जाड तारांची मांडीवर घेतली. माइक जवळ ओढला.

"हे गाणं," ह्यांनी त्या विहिरीतल्या आवाजात सांगितलं, "जी आता घरात नाही, तिच्यासाठी."

आचार्यांनी कृतार्थ होऊन मान हलवली. वाक्य त्यांचंच होतं. पहिला सूर आला आणि टॉवेल पलंगावर ठेवायलाच त्याला केवढा वेळ लागला.

मी उठले. गेलेल्या बाईने पहिल्या रांगेत बसून राहणं बरं दिसलं नसतं. मधल्या वाटेने मी दाराकडे निघाले. नवे बूट होते आणि खाली लाकडी फळ्या, त्यामुळे टाचा वाजत होत्या. मी पावलं हळू टाकली नाहीत.

मागून कोणीतरी मला दटावलं, "श्शू! ऐकू द्या ना हो!"